तळमजल्यावरची मोटर

पहाटे साडेचारला आमची इमारत मोटरच्या आवाजाने जागी होते. पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू त्यानंतर तास-दीड तासाने येतो. तळमजल्यावरच्या घरातून थेट मेन लाइनला जोडलेली ती मोटर सुरू झाली की नळाला आलेले सगळे पाणी तिकडे ओढले जाते. दुसऱ्या मजल्यावर मी नळ सोडते तेव्हा आधी हवा फुसफुसते, मग ओंजळभर पाणी येते आणि परत हवा. तिसऱ्या मजल्यावर तेवढेही पोचत नाही. तिथे एकट्या राहणाऱ्या माई वयाच्या बहात्तराव्या वर्षी आवारातल्या नळावरून अर्धी अर्धी बालदी भरून वर नेतात. दम खायला प्रत्येक वळणावर बालदी टेकतात. त्यामुळे जिन्याच्या कोपऱ्यांत पाण्याचे गोल वळ उमटलेले असतात. दूध आणायला उतरताना ते मोजले की माईंच्या किती खेपा झाल्या ते समजते.

खालचा माणूस इतक्या पाण्याचे करतो काय, तर पर्यटकांना भाड्याने जाणाऱ्या गाड्या धुतो. मालक रात्री गाड्या आणून सोडतात आणि सकाळी आठच्या आत त्या चकचकीत होऊन किनाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, बायको शाळेत मदतनीस, दोन पोरे शिकतायत. एकदा न राहवून मी खाली जाऊन बोलले. त्याने पाइप बाजूला ठेवला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, “टीचर, तुमकां पेन्शन आसा. म्हजें पोट हाचेर चलता.” मी तशीच वर आले. उत्तर नव्हते म्हणून आले असे नाही. त्याला द्यायचे उत्तर माझ्या एकटीच्या हातात नव्हते.

सरकारी योजनेतून उभ्या राहिलेल्या वसाहतीतला हा प्रसंग आहे, आणि त्याचे तसे असणे महत्त्वाचे आहे. खाजगी संकुलात घर घेणारा पैसे मोजताना थोडेफार शेजारही विकत घेत असतो. तिथला रखवालदार, लिफ्ट, सोसायटीचा पगारी मॅनेजर, या सगळ्याचा एक अर्थ असा की तुमच्या वतीने भांडायला कोणीतरी ठेवलेले आहे. तेही जमले नाही तर घर विकून दुसरीकडे जाता येते. सोडतीत घर लागलेल्याला ही वाट नसते. दहा-पंधरा वर्षे हप्ते फेडून जे दोन खोल्यांचे घर पदरात पडले, ते सोडून तो जाणार कुठे? परत सोडतीत नाव घालून?

गोव्यात गृहनिर्माण मंडळाचा कायदा 1968 सालचा. पर्वरी, म्हापशाची गणेशपुरी, मडगावचे गोगळ, रुमडामळ अशा ठिकाणी मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. रुमडामळ-दवर्लीला तर आज स्वतःची पंचायत आहे. अल्प उत्पन्न गट, मध्यम उत्पन्न गट अशी वर्गवारी करून लोकांना घरे, भूखंड मिळाले. माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षकांचे, कारकुनांचे, कदंब बसवरच्या चालक-वाहकांचे आयुष्य या घरांमुळे मार्गी लागले, हे आधी मान्य करते. या योजना नसत्या तर पगारदार गोंयकाराला शहराजवळ डोके टेकायला जागा मिळाली नसती. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरे रिकामी सापडली होती, म्हणजे साधारण दर पाचांत एक. बंद घरांचा असा सुकाळ असलेल्या राज्यात घर मिळणे हीच इतकी मोठी गोष्ट ठरते की मिळालेल्या घरात सुखाने राहता येते का, हा प्रश्न विचारणेच कृतघ्नपणाचे वाटू लागते.

मला मात्र तो विचारायचा आहे. सोडतीतले घर देताना सरकार माणसाला नुसत्या चार भिंती देत नसते, शेजारीही देत असते. वरचा कोण, खालचा कोण, भिंतीपलीकडचा कोण, हे सरकारी पेटीतल्या चिठ्ठीने ठरते. ज्यांनी एकमेकांना निवडलेले नाही आणि ज्यांना एकमेकांपासून दूर जाता येत नाही अशा माणसांना एका जिन्याला बांधून घातल्यावर, किल्ली हातात दिली की आपले काम संपले असे बांधणाऱ्याला कसे म्हणता येईल? घरमालकीचा कागद झाला, आता तुमचे तुम्ही बघा, ही आपल्याकडची रीत आहे आणि मला ती अन्यायाची वाटते.

“तुमचे तुम्ही बघा” याचे प्रत्यक्षातले रूप म्हणजे “जुळवून घ्या”. हा सल्ला मी अनेक तोंडांतून ऐकला आहे. दिसायला तो दोघांनाही दिलेला असतो, पण पाळावा लागतो एकालाच. मोटर लावणाऱ्याला जुळवून घ्यायचे नसते, त्याचे जुळलेलेच असते. जुळवून घेतात माई. ज्याचा आवाज लहान, ज्याला भांडता येत नाही, ज्याच्या घरात पुरुषमाणूस नाही, ज्याला उद्या याच शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात जावे लागेल अशी भीती आहे, त्याच्याकडून हा कर वसूल होत राहतो. शेजारधर्म हा मराठीतला सुंदर शब्द आहे. तो दुबळ्याच्या गळ्यात एकतर्फी मारला की त्याचा अर्थ बदलतो.

इथे कोणीतरी हमखास जुन्या वाड्याची, म्हणजे गावातल्या वस्तीची, आठवण काढते. पूर्वी वाड्यावर अशी भांडणे नव्हती, संध्याकाळी सोप्यावर बसून माणसे बोलत, चार वडीलधारी मिटवून टाकत. माझे बालपण वाड्यावरच गेले आहे, त्यामुळे हे अर्धेच खरे आहे हे मला ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांचा मान होता, हे खरे. पण त्यामागे भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, धाकही होता. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा; घर भाटकाराच्या जमिनीवर, त्यामुळे त्याचे वागणे ‘सरळ’ राहायचे. भाटकाराच्या झाडाचा नारळ उचलला, वेठीला गेला नाही, नको त्याला मत दिले, तर “घर मोडून चालता हो” हे ऐकावे लागे. 1975 सालचा मुंडकार संरक्षण कायदा कशासाठी आला? डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेले असू नये म्हणून. आज पन्नास वर्षांनंतरही मामलेदारांच्या कचेऱ्यांत मुंडकार प्रकरणांच्या तारखा पडतात, ती गोष्ट वेगळी.

वाड्याची ही बाजू मी सांगते त्याला कारण आहे. आमच्या वसाहतीच्या बैठकीत मोटरचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतून पहिली सूचना आली ती ही, “घर रद्द करून काढा त्याला बाहेर.” टाळ्याही पडल्या. क्षणभर मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू? मग त्याची अंथरुणावरची आई डोळ्यांपुढे आली. त्या म्हातारीने कुठली मोटर लावली होती? मुंडकाराच्या घरावर भाटकाराने घातलेला हात आपल्याला अन्याय वाटला, आणि त्याच गोव्यात, बहुधा त्याच मुंडकारांची नातवंडे, शेजाऱ्याच्या घरावर तसाच हात घाला म्हणून सरकारला सांगतायत.

घर काढून घेण्याच्या शिक्षेचे पुढे काय होते हे पाहायचे असेल तर अमेरिकेकडे बघावे. तिथे 1988 साली अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात एक अट घातली गेली. सरकारी घरातला भाडेकरू, त्याच्या घरचा कोणी किंवा त्याच्याकडे आलेला पाहुणा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडला तर ते घर काढून घेता येईल. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 63 वर्षांच्या एका आजीला या अटीखाली नोटीस आली. तिची मनोरुग्ण मुलगी घरापासून तीन गल्ल्या पलीकडे कोकेनसह सापडली होती. 75 वर्षांच्या एका अपंग गृहस्थाला नोटीस आली, कारण त्याची देखभाल करायला येणाऱ्या बाईकडे कोकेन मिळाले. आपल्याला यातले काही माहीत नव्हते, असे या भाडेकरूंचे म्हणणे होते. 2002 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की माहीत असो वा नसो, घर काढून घेण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. हा कायदा आला होता वसाहतीतल्या गरीब, सरळमार्गी भाडेकरूंना गुंडांपासून वाचवण्यासाठी, हेतू खोटा नव्हता. त्याचा फटका बसला तो सांभाळ करणाऱ्या आजीला आणि ज्याला सांभाळायला दुसरे माणूस लागते अशा म्हाताऱ्याला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी बुलडोझरच्या प्रकरणात नेमका उलटा सूर लावला. घरातल्या एकावर आरोप आहे म्हणून अख्ख्या कुटुंबाचे घर पाडणे ही सगळ्यांना मिळून दिलेली शिक्षा आहे, आणि बांधकाम पाडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. ते प्रकरण पाडकामाचे होते, घराचे वाटप रद्द करण्याचे नव्हते, हा फरक मला कळतो. पण तत्त्व तेच आहे. उपद्रव एकाचा असतो, छप्पर सगळ्यांचे असते.

आमच्या त्या बैठकीतली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही. तक्रारींची यादी करायला घेतली तेव्हा पहिल्या क्रमांकावर मोटर नव्हती. पहिल्या क्रमांकावर होते पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारे एक कानडी कुटुंब. त्यांची तक्रार काय? “त्यांच्याकडे माणसे फार येतात.” दुसरी, “जिन्यात चपला काढतात.” तिसरी, “कुठले कोण, माहिती नाही.” मी विचारले, रात्री आवाज? नाही. पाणी? त्यांनाच मिळत नाही. कचरा? तो नेमाने वेगळा करून देतात. तरी ते ‘उपद्रवी’, आणि मोटरवाला ‘आमचाच मनीस, जरा हट्टी’. भायले, म्हणजे बाहेरचे, आणि घाटी हे शब्द आपण किती सहज वापरतो! असामाजिक शेजारी कोण हे ठरवायचा अधिकार नुसता बहुमताला दिला, तर पहिली नोटीस मोटरला जाणार नाही, जिन्यातल्या चपलांना जाईल. वसाहतीतल्या न्यायाची ही खरी अडचण आहे. म्हणून मी त्या दिवशी यादी करणाऱ्या मुलाला एवढेच म्हटले की कृत्य लिही, तारीख लिही, वेळ लिही, आणि माणसाचा गाव लिहू नकोस. यादी अकरावरून चारवर आली.

ओघाने स्वतःचेही सांगून टाकते. चवथीला आमच्याकडे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने आरत्या होतात आणि त्या मध्यरात्र उलटून गेल्यावर संपतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा घालतात, दिवसा 55 ची. चार घुमटे, एक शामेळ, दोन जोड झांजा आणि वीस भक्त एका दिवाणखान्यात जमल्यावर 45 चा आकडा ‘सुखकर्ता दुःखहर्ता’च्या पहिल्या ओळीलाच मागे पडतो. खालच्या माणसाला पहाटे उठायचे असते. गेल्या नऊ वर्षांत त्याने एकदाही दार ठोठावलेले नाही, उलट मोदक घेऊन जातो. याचा अर्थ त्याची मोटर माफ असा होत नाही. पण उपद्रवी म्हणजे कोणीतरी वेगळ्या जातीचा प्राणी आणि आपण सगळे सज्जन, अशी वाटणी करून हा प्रश्न सुटायचा नाही, हे मला तेव्हा उमगले.

बरे, ज्याला न्याय हवा आहे त्याने जायचे कुठे? आपल्याकडे अशा तक्रारीची वाट ठरलेली आहे आणि ती गोल आहे. पोलीस म्हणतात दिवाणी मामला, पंचायत म्हणते इमारतीतला अंतर्गत प्रश्न. 2001 च्या सहकारी संस्था कायद्याखाली सोसायटी नोंदलेली असेल तर उपविधी दाखवता येतात, पण कितीतरी जुन्या इमारतींत सोसायटीच नसते. जिन्यातला दिवा गेला की कोणाच्या खिशातून आणायचा यावरच तिथे वाद. फौजदारी कायदा उघडला तर भारतीय न्याय संहितेच्या 292 व्या कलमात सार्वजनिक उपद्रवाला दंड आहे जास्तीत जास्त 1,000 रुपये. जुन्या दंडसंहितेत तो 200 होता, म्हणजे प्रगती झाली म्हणायची. नागरिक सुरक्षा संहितेच्या 152 व्या कलमाने उपद्रव हटवण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याला देता येतो, पण त्यासाठी उपद्रव ‘सार्वजनिक’ लागतो. जिन्यातल्या दोन-तीन घरांचा त्रास सार्वजनिक कसा, इथेच अर्ज अडतो. शांतताभंगाची भीती दाखवून 126 व्या कलमाखाली जामीनपत्र घेता येते. मग शांतताभंग व्हायची वाट पाहायची का? माईंनी कोणाची कॉलर धरायची?

आणि ज्याने घर दिले त्याच्या हातात काय असते? वाटपपत्रातली एक अट: अटींचा भंग झाल्यास वाटप रद्द करण्यात येईल. संपले. मधली पायरीच नाही. घरात हत्यार म्हणून एकच कोयता असला की नखे कोणी कापत नाही. अट इतकी जबर आहे की ती कोणी वापरू धजत नाही, आणि वापरलीच जात नाही म्हणून कोणी तिला भीत नाही. कधीकाळी वापरली गेलीच तर ज्याच्या ओळखीचा आमदार नाही अशा एखाद्यावरच वापरली जाण्याचा संभव जास्त.

म्हणून माझे म्हणणे असे की घर देणाऱ्या यंत्रणेवर घर दिल्यानंतरची जबाबदारी कायद्याने टाकली पाहिजे. ती लहान, रोजच्या वापरातली आणि त्या त्या कृत्यापुरती असली पाहिजे. मोटर लावली, तर मोटर काढा. दंड करायचा तर पाण्याचा करा, माणसाचे घर त्यात ओढू नका. आठवड्यातून ठरावीक दिवशी वसाहतीत येऊन बसणारा एक अधिकारी हवा. तक्रार लेखी घेणारा, पंधरा दिवसांत प्रत्यक्ष पाहायला येणारा, दोन्ही बाजू ऐकून कागदावर निर्णय देणारा. पहाटे साडेचारला येऊन मोटर ऐकणारा! माईंनी मोबाइलवर चित्रण करून पुरावा आणावा ही अपेक्षा मला क्रूर वाटते. आणि घर रद्द करण्याचा अधिकार ठेवायचाच असेल तर तो या अधिकाऱ्याकडे नको. मारहाण, धमक्या, बायकांची छेड अशा गोष्टींसाठी, स्वतंत्र सुनावणीनंतर आणि त्या कुटुंबातल्या निरपराध माणसांचे काय करायचे याचे उत्तर आधी तयार असेल तरच तो वापरता यावा.

असे कुठे होते का? सिंगापूरमध्ये दहापैकी जवळपास आठ माणसे सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. तिथे सामुदायिक मध्यस्थी केंद्र 1998 पासून आहे. 2015 मध्ये शेजाऱ्यांच्या वादांसाठी वेगळा कायदा करून खास न्यायाधिकरण काढले. अलीकडे तर आवाजाच्या जुनाट तक्रारींत स्वतः जाऊन चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांचे पथक एका भागात प्रयोग म्हणून नेमले आहे. सिंगापूरचे सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही, तिथला शिस्तीचा सोस आपल्याला झेपणार नाही आणि झेपूही नये. पण ज्याने घरे बांधली त्यानेच शेजाराचीही सोय लावायची, एवढे त्यांनी मानले. इंग्लंडने 1998 साली दुसरी वाट धरली. असामाजिक वर्तनाविरुद्ध दिवाणी आदेश, आणि तो मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. ज्या वागण्याला मुळात तुरुंग नव्हता ते वागणे आदेशाच्या मधल्या पायरीवरून तुरुंगापर्यंत पोचू लागले, टीका होत राहिली आणि 2014 च्या कायद्याने ते आदेश मोडीत काढून दुसरी व्यवस्था आणली. मधली पायरी हवी हे खरे, पण तिने खाली उतरता आले पाहिजे.

आपल्याकडे कायदेमंडळाला हे सुचलेच नाही असेही नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात ‘सामुदायिक मध्यस्थी’ असे एक प्रकरण आहे. वस्तीतल्या रहिवाशांच्या शांततेला बाधा आणणारा वाद तीन मध्यस्थांपुढे न्यायचा, आणि तडजोड झाली की ती लिहून सह्या घ्यायच्या. कल्पना छान आहे. फक्त त्याच कायद्यात पुढे म्हटले आहे की ही तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी बजावता येणार नाही. म्हणजे सही करा आणि देवावर सोडा. याच ठिकाणी घर देणाऱ्या यंत्रणेचा उपयोग होऊ शकतो. मध्यस्थीने ठरलेली गोष्ट वाटपाच्या अटींना जोडली, मोडली तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा देखभाल शुल्कात वाढ, तिसऱ्यांदा आवारात व्यवसाय करण्याची मनाई, अशा पायऱ्या लावल्या तर कागदाला दात येतील. यासाठी पैसा कुठला, असे विचारतील. घर दुसऱ्याच्या नावावर करताना हस्तांतराचे शुल्क घेतातच की. त्यातला थोडा वाटा जिन्यापर्यंत येऊ द्या.

आणि एक गोष्ट भांडणाच्या गदारोळात कायम निसटते. अर्धी भांडणे माणसांच्या स्वभावातून येतच नाहीत, बांधकामातून येतात. आमच्या इमारतीला जमिनीखाली सामाईक संप (पाणी साठवायची टाकी) आणि गच्चीवर सामाईक टाकी असती तर खालच्याने मोटर लावली असती का? भिंत साडेचार इंचांची ठेवली म्हणून शेजारच्या घरातले घोरणे ऐकू येते. घरे बांधली तेव्हा दारात सायकल असायची, म्हणून आज चारचाकी कुठे लावायची यावर रोज खटका. बांधताना वाचवलेला प्रत्येक रुपया पुढची तीस-चाळीस वर्षे रहिवासी एकमेकांच्या अंगावर ओरडून फेडत राहतात. मग त्यांनाच ‘असंस्कृत’ म्हणायचे! आधी बांधणाऱ्याने आपल्या वाटणीची दुरुस्ती करावी, आणि त्यानंतरही जो ऐकत नाही त्याच्याकडे वळावे, हा क्रम मला न्याय्य वाटतो.

2025 मध्ये सरकारने ‘माझे घर’ योजना आणली, वर्षानुवर्षे ज्यांच्या घरांचे कागद नीट नव्हते त्यांना मालकी द्यायची म्हणून. त्यावर वाद आहेत, ते असोत. माझे लक्ष गेले ते एवढ्यावर की घराबद्दलची आपली सगळी सार्वजनिक चर्चा मालकीपाशी सुरू होते आणि मालकीपाशीच संपते. घर कोणाचे, यावर विधानसभेत तासन्‌तास बोलणे होते. त्या घरात शेजाऱ्यासकट जगायचे कसे, यावर बोलणे म्हणजे बायकांच्या चहाड्या!

मोटरचे पुढे काय झाले? पावसाळ्यात माईंच्याच घरी आम्ही सगळे बसलो. कानडी कुटुंबातली सूनही आली, तिने चहा केला. मी काही बोलायच्या आधी माईच त्याला म्हणाल्या, “बाबा, तू धू गाड्या. सहानंतर धू. तोवर आम्ही दोन-दोन बालद्या भरून घेतो.” तो लाजला. शाळेच्या जुन्या वहीच्या पानावर मी ते लिहून काढले: मोटर सकाळी सहाच्या आधी लावणार नाही. त्याने सही केली, आम्ही केली, माईंनी थरथरत्या हाताने पूर्ण नाव लिहिले. पावसाळाभर मोटर सहाला लागली. मग ऑक्टोबर आला, चार्टर विमाने सुरू झाली, गाड्या सातच्या बारा झाल्या. मोटर आधी साडेपाचला, मग पाचला, आणि डिसेंबरात परत साडेचारला.

ते पान माझ्या कपाटात आहे. घेऊन कोणाकडे जाऊ हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. आज सकाळी जिन्यात सहा वळ होते.